तारवालीची आठ गाणी

तारवालीला राग आला की आधी तिचे कान तापायचे आणि मग तोंड सुटायचं. हा क्रम सगळ्यांना पाठ होता. कान लाल दिसले की शहाणी माणसं चहाचं निमित्त काढून बाहेर जायची. एका सकाळी चहाच्या घंटेला मात्र कान तापले आणि तोंड मिटलेलंच राहिलं, कारण जिच्यावर तोंड सोडायचं ती बाई ती स्वतःच होती.

पण ते पुढे येईल. आधी ती कोण, ते सांगायला हवं.

गावाबाहेरच्या मोठ्या रस्त्याला एक लाँड्री होती. हॉटेलांच्या आणि इस्पितळांच्या चादरी तिथे ट्रकने यायच्या, धुवून निघायच्या, गरम रुळांतून कडक होऊन बाहेर पडायच्या, आणि घडीच्या हॉलमध्ये बायका त्यांच्या घड्या घालायच्या. एका चादरीला दोन बायका. कोपरा धरायचा, जोडायचा, मोडायचा, थप्पीवर ठेवायचा. कोपरा, जोड, मोड, थप्पी. दिवसभर हेच. बावीस बायका, अकरा जोड्या. त्यांतली एक जोडी म्हणजे तारवाली आणि तिची मोठी जाऊ. नऊ वर्षं त्या दोघींनी एकमेकींच्या तोंडाकडे बघत चादरी मोडल्या. सकाळी एकाच ओट्यावर डबे भरायच्या, एकाच बसने यायच्या. घरात भांडण झालं तरी हॉलमध्ये हात जुळायचे, आणि हात जुळले की भांडणही निम्मं मोडून थप्पीवर जायचं.

गिटार तिला मिळाली तीही चादरींच्याच गाठोड्यातून. हॉटेलच्या कुठल्या पाहुण्याने खोलीत सोडली असेल, ती चादरींबरोबर गुंडाळून आली. ड्रायव्हरने हॉटेलला दोनदा फोन केला. कोणी आलं नाही. दोन तारा तुटलेल्या, पोटाला चीर. ड्रायव्हर म्हणाला, "घेऊन जा वहिनी, चुलीत तरी घाला."

तिने चुलीत घातली नाही. शेजारच्या गल्लीत एक म्हातारे काका राहायचे, उभं आयुष्य बँडमध्ये काढलेले. बँड बंद पडला, दात पडले, कान मात्र शाबूत. त्यांनी चीर चिकटवून दिली, तारा चढवून दिल्या, आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी तिला समोर बसवायला लागले. पहिल्याच दिवशी म्हणाले, "गाऊन दाखव." तिने दोन ओळी म्हटल्या. काकांनी हात वर केला. "बास. तू वाजव. गाऊ नकोस."

"आवाज एवढा वाईट आहे?"

"पत्र्यावरून खुर्ची ओढल्यासारखा आहे. त्यात लाज काय? ज्याला गळा नाही त्याने गाणी जपून निवडायची, एवढंच."

मग काकांनी निवडायचं कसं ते शिकवलं, आणि ते तिने आयुष्यात मिळालेल्या कुठल्याही शिकवणीपेक्षा घट्ट धरून ठेवलं. चाल अशी हवी की शब्द काढून घेतले तरी पहिल्या पाच सुरांत माणसाने मान हलवावी. बोटं फार पळवायची नाहीत. तीन-चार कॉर्डांत भागतं ते गाणं घ्यायचं, कारण वरच्या बारीक तारेवर चाल वाजवताना खाली अंगठ्याने जाड तार चालू ठेवावी लागते. अंगठा थांबला की गाणं हडकुळं होतं आणि ऐकणारा गाणाऱ्याची वाट बघायला लागतो. आणि तिसरी गोष्ट, काका तिसरी गोष्ट सांगताना नेहमी बोट नाचवायचे: "गाणारा जिथे श्वास घेतो ना, तिथे तूही थांबायचं. तिथे काहीतरी वाजवून भरू नकोस. श्वास काढून टाकलास तर ते गाणं नाही राहत, शिलाईचं मशीन होतं."

पाच वर्षांत तिची आठ गाणी बसली. एक पाळण्याचं, एक नावाड्याचं, एक जुन्या सिनेमातलं निरोपाचं, एक शाळेतल्या कवायतीचं, अशी. सगळी सोपी, सगळ्यांना तोंडपाठ. जेवणाच्या सुट्टीत ती मागच्या जिन्यावर बसून वाजवायची, बायका डबे उघडून ऐकायच्या. आधी नाव होतं 'धाकटी', ते जाऊन 'तारवाली' पडलं. आणि खरं सांगायचं तर त्या नावाने ती दोन बोटं वर चालायला लागली.

मग नवा मॅनेजर आला. बारीक, गोड बोलणारा. शर्टाच्या खिशाला तीन पेनं, आणि बायकांना 'टीम' म्हणायची खोड. त्याने एकदा जिन्यावर उभं राहून तिची तीन गाणी ऐकली आणि टाळ्या वाजवल्या. सगळ्या बायकांच्या देखत. तिथेच ती फसली. शिवी देणाऱ्याला ती कधीच फसली नसती.

"आपण हॉलमध्ये स्पीकर लावतोय," तो म्हणाला. "तुमची गाणी रेकॉर्ड करू. पण हं, गाणं नको, नुसती गिटार. शब्द असले की बायका गुणगुणतात, गुणगुणल्या की बोलायला लागतात."

"बोललं तर काय होतं साहेब?"

"काही नाही हो. शांत वातावरण. तुम्हालाच बरं वाटेल."

आठही गाणी एका रविवारी ऑफिसात रेकॉर्ड झाली. एकूण अर्धा तास भरली. त्याची नक्कल तिने आपल्याही फोनमध्ये घेतली, आणि भावाला, नणंदेला, काकांना, ज्याला त्याला ऐकवली. सोमवारी खांबावर स्पीकर लागला आणि त्याच्याखाली पाटी: 'संगीताच्या लयीत काम करा.' त्याच आठवड्यात मॅनेजरने तिला घडीवरून काढून तपासणीच्या टेबलावर बसवलं. बसायला खुर्ची, हातात शिक्का. जावेच्या समोर आली एक विशीतली पोरगी, हात नुसते पाखरासारखे.

जाऊ त्या दिवशी बसमध्ये एवढंच म्हणाली, "खुर्ची मऊ आहे का गं?"

"तुला पण मिळेल ताई. बोलते मी साहेबांशी."

ती बोलली नाही. विसरली. हेही लिहून ठेवायला हवं, कारण पुढे सगळ्यांनी मॅनेजरला शिव्या दिल्या आणि हे राहून गेलं.

तीन महिन्यांत हॉल बदलला. बायका जेवताना जिन्यावर यायच्या, पण गिटार काढली की एकेक उठायची. एक म्हणाली, "दिवसभर तेच ऐकतोय बाई, आता जेवू दे." दुसरी म्हणाली, "तुझी गाणी अंगावर येतात गं." तारवालीला वाटलं, जळतात. खुर्ची मिळाली ना, म्हणून जळतात. घरी जाऊ उजव्या खांद्याला गरम पाण्याची पिशवी लावून बसायची आणि डाव्या हाताने पोळ्या लाटायची. एक दिवस ओट्यावर डब्याखाली कागद दिसला. कामाचा वेग कमी, पहिली ताकीद. पंधरा दिवसांनी दुसरी. तिसरी आली की घरी, हे सगळ्यांना माहीत होतं.

"ताई, मला का नाही सांगितलंस?"

"तुला कशाला? तूच तर वाजवतेस."

"म्हणजे?"

जावेने लाटणं आपटलं. "म्हणजे काही नाही. पाणी भर."

आणि मग ती सकाळ आली. सात वाजता स्पीकर लागायचा, नऊला चहाची घंटा व्हायची. दोन तास, म्हणजे आठ गाण्यांच्या बरोबर चार फेऱ्या. सुरुवातीला ती शिक्के मारता मारता कौतुकाने वाट बघायची: चौथ्यांदा निरोपाचं गाणं संपलं की लगेच घंटा. त्या दिवशी घंटा झाली तेव्हा निरोपाचं गाणं वाजत नव्हतं. नावाड्याचं वाजत होतं. नावाड्याचं सहावं. तिने शिक्का खाली ठेवला. चौथी फेरी केव्हाच संपली होती. पाचव्या फेरीतलं सहावं गाणं चाललं होतं.

तेव्हा तिचे कान तापले.

ती मोरीत गेली, फोन काढला, नावाड्याचं गाणं लावून घड्याळ धरलं. तीन मिनिटं चाळीस सेकंद. चहानंतर खांबाखाली उभी राहिली आणि स्पीकरवरचं मोजलं. तीन मिनिटं सात. सूर तोच, बोटं तिचीच, फक्त मागून कोणीतरी हाकलत असल्यासारखी. आणि कान देऊन ऐकलं तर श्वासाच्या जागा गायब. ती जिथे थांबली होती तिथे कात्रीने कापून दोन टोकं जोडली होती. काका म्हणाले होते तेच झालं होतं. शिलाईचं मशीन. आणि त्या मशीनखाली बावीस बायकांचे हात चालले होते, आठवड्याला थोडं थोडं करत, म्हणजे कोणाला कळू नये. तिला कळलं असतं, घडीवर असती तर पहिल्याच आठवड्यात खांद्याला कळलं असतं. म्हणून तर खुर्ची दिली होती.

तिने हॉलकडे बघितलं. जाऊ ओठ दाबून चादर ओढत होती. समोरची पोरगी तिच्यासाठी हात आवरत होती आणि तरी पुढे जात होती. कोपरा जोड मोड थप्पी, कोपरा जोड मोड थप्पी, मध्ये तीळभर फट नाही.

ऑफिसात शिरून मॅनेजरच्या टेबलावर गिटार फोडावी असं तिच्या मनात आलं. खरंच आलं. ती दारापर्यंत गेलीही. तेवढ्यात त्यानेच दार उघडलं.

"अरे वा, तुमच्याकडेच येत होतो. टीमला तीच तीच गाणी ऐकून कंटाळा आलाय. नवीन आठ द्या ना. अशीच सोपी, ओळखीची, शब्दांशिवाय छान वाटतील अशी."

ती त्याच्या खिशातल्या तीन पेनांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "देते. पण मला घडीवर परत पाठवा. खुर्चीत पाठ दुखते."

"खुर्चीत?" तो हसला. "बघा बुवा. तुमची मर्जी. नवी गाणी आठवडाभर चालली की पाठवतो."

त्या संध्याकाळी ती काकांकडे गेली आणि सगळं ओकली. काका ऐकत होते. शेवटी म्हणाले, "तुझी चूक काय झाली सांगू? तू गाणी चार मात्रांची निवडलीस. घडीही चारची. तुझ्या चालीत त्यांचे हात असे बसले, जसा घोडा गाडीला."

"मग आता कुठली निवडू?"

"हात बसणार नाहीत अशी. पण कानाला गोड. त्या पेनवाल्याला गोड लागली पाहिजेत."

घरी येऊन तिने दोरीवरची डबल बेडची चादर ओढून काढली आणि जावेसमोर धरली.

"धर."

"दिवसभर काय केलं मग मी?"

"ताई, धर. एकदा. मग हवं तर तोंड बघू नकोस माझं."

जावेने धरली. तारवालीने फोनवर लावलेलं पाळण्याचं गाणं आधी आपल्या वेगाने ऐकवलं, मग स्पीकरवरून चोरून रेकॉर्ड केलेलं. काही सांगावं लागलं नाही. जाऊ चादर हातात धरून उभी राहिली. मग म्हणाली, "मला वाटलं मी म्हातारी झाले."

तारवालीला त्या वाक्याचा इतका संताप आला की डोळ्यांतून पाणी आलं. ते तिने चादरीच्या कोपऱ्याला पुसलं आणि गिटार घेतली. "आता ऐक. मी वाजवते, तू नळाच्या खुंटीला एक टोक अडकव आणि घडी घाल. गाण्यावर. बरोबर गाण्यावर."

पहिलं गाणं तिने घेतलं ते होडीच्या शर्यतीचं. हात बसले. टाकून दिलं. दुसरं, जत्रेतलं. तेही बसलं. तिसरं घेतलं तीनच्या चालीचं, झुलत जाणारं, एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. कोपरा, जोड, मोड... आणि थप्पीची मात्रा येते तोवर गाणं पुन्हा पहिल्या पावलावर. जावेचा हात हवेत राहिला. तिने पुन्हा धरलं. कोपरा थप्पीवर गेला, मोड राहूनच गेली, चादर पायात आली.

"अगं, हे काय मेलं!" जाऊ म्हणाली, आणि तीन महिन्यांनी पहिल्यांदा हसली. खुंटीवरचं टोक सुटलं. "थांब, पुन्हा वाजव. मला नीट चुकू दे."

चार संध्याकाळी त्यांनी अशी गाणी चाळली. हात बसला की गाणं बाद. तीनच्या चालीची सहा निघाली. उरलेल्या दोन गाण्यांत तिने लांब श्वासाच्या जागा असलेली चाल घेतली, आणि त्या श्वासात जाड तार अशी गुणगुणत ठेवली की तिथे कापलं तर कानाला ठेच लागावी. सगळी सोपी, तीन कॉर्डांची. गोड तर इतकी की मॅनेजरने ऑफिसात डोळे मिटून ऐकली. "सॉफ्ट," तो म्हणाला. "व्हेरी सॉफ्ट."

सोमवारी स्पीकर लागायच्या आधी, कपडे बदलायच्या खोलीत, तिने सगळ्यांसमोर आपली चूक सांगितली. खुर्चीची, टाळ्यांची, सगळी. माफी मागणं तिला जमत नव्हतं. ते शिव्या दिल्यासारखंच वाटलं. "आणि आता ऐका. खांबाखाली पाटी काय म्हणते? लयीत काम करा. करायचं. आपल्या मनाने एक बोटही हलवायचं नाही. गाणं थांबलं, आपण थांबलो. गाणं झुललं, आपण झुललो."

"आणि ताकीद आली तर?" त्या विशीतल्या पोरीने विचारलं.

"बावीस जणींना? छापायला कागद तरी आहे का त्यांच्याकडे."

दुपारपर्यंत हॉलमध्ये जो गोंधळ झाला तो सांगण्यासारखा नाही. बायका मनापासून, प्रामाणिकपणे, पाटीला जागून काम करत होत्या आणि एक घडी सरळ पडत नव्हती. मॅनेजरने वेग वाढवला. तीनची चाल पळायला लागली तशा चादरी जमिनीवर. त्याने वेग कमी केला. बायका निवांत झुलल्या. मंगळवारीही तेच. बुधवारी हॉटेलचा ट्रक फाटकाशी उभा, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, आणि मॅनेजर कागद घेऊन हॉलमध्ये आला. गोड बोलणं तेवढं टेबलावर राहिलं होतं.

तो सरळ जावेसमोर गेला. "तुमच्यामुळे ही जोडी रखडते. तिसरी ताकीद."

"पाटी बघून काम करते साहेब," जाऊ म्हणाली. "लयीत."

"लयीत एवढा वेळ लागतो?"

"गाणं लांबतं त्याला मी काय करू?"

कोणीतरी मागे फिस्सकन हसलं. मॅनेजर तारवालीकडे वळला. "तुमची ही गाणी कामाची नाहीत."

शहाणी बाई असती तर गप्प बसली असती. गाणी बंद झाली असती, कोणाला काही कळलं नसतं. पण गपचूप जिंकणं तारवालीच्या स्वभावात नव्हतं. कान लाल झाले. समोरच्या बायका एक पाऊल मागे सरल्या.

"कामाची कशी असतील? ती निवडलीच तुमचं काम मोडायला," ती म्हणाली. "मीच निवडली. घरी चादर धरून. आणि पहिली आठ तुम्ही निवडलीत आमचे खांदे मोडायला, टाळ्या वाजवून." तिने फोन वर धरला. "नावाड्याचं गाणं. मी वाजवलं तीन मिनिटं चाळीस. तुमच्या खांबावर तीन मिनिटं सात. मधले तेहतीस सेकंद कुठे गेले साहेब? माझे होते ते. यांचे होते. त्या तेहतीस सेकंदांत ही बाई खांदा खाली सोडायची."

"ही टेक्निकल बाब आहे. तुम्हाला कळणार—"

"मला गाण्यातलं कळतं. तेवढंच कळतं, पण ते तुम्हाला शिकवेन इतकं कळतं."

स्पीकरवर सातवं गाणं चालू होतं. त्यातला लांब श्वास आला. जाड तार गुणगुणत राहिली, चाल थांबली. सगळ्या बायका थांबल्या. अकरा चादरी ताणलेल्या, पांढऱ्या, कंबरेच्या उंचीवर. मग चाल पुन्हा सुरू झाली. हात सुरू झाले नाहीत.

कोणी ठरवलं नव्हतं. त्या पोरीने आधी हात धरून ठेवले की जावेने, यावर पुढे बसमध्ये पुष्कळ वाद झाला.

गरम रूळ मात्र थांबत नाही. त्यातून चादरी येत राहिल्या, घ्यायला कोणी नाही, तोंडाशी ढीग झाला, आणि कापड करपल्याचा वास सुटला. मॅनेजर ओरडला. कोणी हललं नाही. फाटकावर हॉर्न. शेवटी त्यानेच धावत जाऊन रुळाचं बटण दाबलं, आणि मग त्या शांततेत गिटार फार मोठी ऐकू यायला लागली.

"काय हवंय तुम्हाला?" तो म्हणाला.

"तिन्ही ताकिदी. इथे, आत्ता, फाडून. आणि सोळा गाणी पुसा. माझ्यासमोर, एकेक."

"गाणी कंपनीची आहेत."

"मग चादरींची घडीही कंपनीच घालेल."

त्याने ऑफिसातून आधीच्या दोन आणल्या आणि तिन्ही फाडल्या. तीन कागद, सहा तुकडे. ते जावेने वाकून उचलले आणि पदरात बांधले, म्हणजे उद्या चिकटवायला नकोत. मग त्याने फोनवर एकेक गाणं पुसलं, आणि तारवाली त्याच्या खांद्यावरून बघत उभी राहिली, पाळण्याचं, कवायतीचं, निरोपाचं. आपलीच गाणी अशी जाताना बघूनही तिला रागच आला. कुठेतरी नक्कल ठेवली असणार, असं ती आजही म्हणते. बहुतेक खरंच असेल. स्पीकर खांबावर अजून आहे, मुका. वेगासाठी आता पांढऱ्या भिंतीवर मोठं घड्याळ आलंय, आणि त्या घड्याळाचं काय करायचं यावर कपडे बदलायच्या खोलीत रोज बोलणं चालतं. त्या बोलण्यात तारवालीचा आवाज सगळ्यांत वर असतो, पत्र्यावरून खुर्ची ओढल्यासारखा.

त्या बुधवारी जेवणाच्या सुट्टीत ती गिटार न घेताच जिन्यावर बसली. वाजवायची हिंमत होत नव्हती. जाऊ आली, पेटीतून गिटार काढली आणि तिच्या मांडीवर आपटली.

"नावाड्याचं लाव."

"नको ताई. तेच तर..."

"तेच लाव म्हणते ना. पूर्ण तीन चाळीस." तिने उजवा हात डाव्या हाताने उचलून गुडघ्यावर ठेवला आणि डबा उघडला. "आणि ते मध्ये थांबतेस ना, तिथे जरा जास्तच थांब. मला तेवढ्यात घास गिळायचा असतो."